‘ह’ची बाराखडी आणि नगरचे मामा

 

आपल्या कार्यक्रमात जिजाऊ झाल्या, सावित्रीबाई झाल्या, आणि चौंडीच्या अहिल्यादेवी तर आपल्या घरच्याच. आज मात्र एका विनोदी नटाची गोष्ट सांगणार आहोत. हा माणूस नुसता नट नव्हता. नाटक स्वतः लिहायचा आणि त्यात स्वतःच उभाही राहायचा. आणि त्याच्या आधी तो आपल्या नगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. त्यांचं नाव प्राध्यापक मधुकर तोरडमल. नाटकवाले त्यांना ‘मामा’ म्हणत. आपणही मामाच म्हणू.

बचत गटाच्या बायकांना नटाची गोष्ट कशाला, असं एका ताईनं आम्हाला विचारलंच. तर कारण असं, की या मामांनी ज्या एका खोडीवर हजारो लोकांना हसवलं, ती खोडी आपण बायका रोज करतो. फरक एवढाच की मामांना त्यावर टाळ्या मिळाल्या, आणि आपल्याला त्यापायी पुष्कळदा सोसावं लागतं. ती खोडी कोणती, ते सांगतोच. आधी मामांची ओळख करून घेऊ.

मामांचा जन्म २४ जुलै १९३२चा. लहानपणीच वडील गेले. मुंबईच्या नातेवाइकांनी पोराला शिकायला तिकडं नेलं. नाटकाचं वेड शाळेत असल्यापासूनचं. शाळा संपल्यावर मुंबईतच थोडे दिवस कारकुनी केली, पण ती काही मानवली नाही. मग पुढचं शिकायच्या निमित्तानं ते नगरला आले आणि पुढं अहमदनगर कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आहे, पण ही गोष्ट तेव्हाची आहे, म्हणून आम्ही नगर म्हणतो. तसंही एसटीच्या रांगेत आजही सगळे नगरच म्हणतात.

हे कॉलेज डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली काढलं, म्हणजे स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी. त्या आधी आपल्याकडच्या पोराला पदवी घ्यायची तर पुण्याची वाट धरावी लागे. आई-बापाला ते झेपायचं नाही. कॉलेज गावात आलं आणि जिल्ह्यातली कितीतरी पोरं पहिल्यांदा बीएपर्यंत गेली. अशा ठिकाणी इंग्रजीचा मास्तर म्हणजे केवढा मान! पोरींच्या बापांनी ‘नोकरीवाला’ म्हणून ज्याच्याकडं बोट दाखवावं, अशी ती नोकरी.

मामा दिवसा शिकवायचे आणि संध्याकाळी नाटक बसवायचे. आपल्या राज्यात सरकारची हौशी नाट्य स्पर्धा असते. हौशी म्हणजे पोटासाठी नाटक न करणारे, नोकरी-धंदा सांभाळून करणारे लोक. शिक्षक, कारकून, दुकानदार, बँकेतले साहेब असे जमून तालमी करतात आणि स्पर्धेत उतरतात. मामांनी त्या स्पर्धेत नाटकं केली. ‘एक होता म्हातारा’, ‘भोवरा’, ‘सैनिक नावाचा माणूस’ ही त्यांतली नावं. नगरच्या मातीत हे वेड पहिल्यापासून आहे. शाहू मोडक हे नट १९१८ साली नगरलाच एका ख्रिस्ती घरात जन्मले, आणि १९४०च्या सिनेमात ते संत ज्ञानेश्वर झाले. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आपल्याच नेवाशात, हे तुम्हाला माहीत आहेच. पुढं सदाशिव अमरापूरकरही नगरचेच. ‘सडक’ सिनेमातल्या त्यांच्या महाराणीला बघून आमच्या घरातली लहान पोरं पांघरुणात शिरली होती. पण ते असो, आपण मामांकडं येऊ.

नगरला नाव झालं आणि मामांनी प्राध्यापकी सोडली. मुंबईला जाऊन पोटासाठी नाटक करायचं ठरवलं. मैत्रिणींनो, इथं जरा थांबा. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार सोडून, तिकीट खपलं तर पैसे आणि नाही खपलं तर नाही, अशा धंद्यात पडायचं. आपल्या गटात एखादी म्हणाली की मी रोजंदारी सोडून पापडाचा धंदा टाकते, तर आपण तिला दहा प्रश्न विचारतो. किती पिठाचे किती पापड, कोण घेणार, उधारी बुडाली तर काय. विचारायलाच पाहिजेत. नाटकाचा धंदा तर त्याहून अवघड. पापड आज नाही खपला तर उद्या खपतो. आज रात्रीची रिकामी खुर्ची उद्या विकता येत नाही. मामांनी पुढं ‘रसिकरंजन’ नावाची स्वतःची नाटक कंपनीही काढली, म्हणजे धंद्याचा भार सगळा आपल्याच डोक्यावर घेतला. आम्हाला मामांच्या विनोदाइतकंच या धाडसाचं नवल वाटतं.

या धाडसाला फळ आलं ते एका नाटकानं. नाव ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’. लेखक मामा, आणि त्यातले प्राध्यापक बारटक्केही मामाच. कॉलेजातली तरुण पोरं-पोरी आणि त्यांच्या आसपासचे म्हातारे, असा सगळा मामला. जो माणूस इतकी वर्षं वर्गात उभा राहिला, त्याला मास्तर कसे बोलतात, कसे अडतात, पोरं मागं काय खुसखुसतात, हे सगळं पाठ होतं. तेच त्यांनी रंगमंचावर आणलं.

या नाटकाचे ५,०००च्या वर प्रयोग झाले. हा आकडा नुसता ऐकून सोडून देऊ नका. रोज एक प्रयोग केला, दिवाळी नाही, आजारपण नाही, तरी ५,००० प्रयोगांना साडेतेरा वर्षांहून जास्त काळ लागतो. आपल्या गटाची महिन्याला एक बैठक धरली, तर ५,००० बैठकांना चारशे सोळा वर्षं लागतील. तेवढ्यात आपलं पहिलं कर्ज फिटेल अशी आशा करू.

आता ती खोडी. या बारटक्के सरांना बोलता बोलता नेमका शब्द आठवत नाही. मग शब्दाच्या जागी ते ‘ह’ घालतात. ह, हा, हि, ही, हु, हू... जसं वाक्य असेल तसा ‘ह’ वळवून घेतात. लोकांनी त्याला नावच पाडलं, ‘ह’ची बाराखडी. समजा, ते म्हणाले की काल आम्ही तिकडे गेलो आणि ह्याचं जरा हे केलं. हे वाक्य आमचं आहे, नाटकातलं नाही, नमुन्याला केलंय. ह्याचं म्हणजे कशाचं? हे केलं म्हणजे काय केलं? बोलणाऱ्यानं काहीच वावगं सांगितलेलं नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनात जे यायचं ते येऊन जातं, आणि तो हसतो. शेजारचाही हसतो. दोघांनी मनात वेगवेगळा शब्द भरलेला असतो, कदाचित.

म्हणून आम्हाला वाटतं की या विनोदातलं अर्धं काम लेखकानं केलं आणि अर्धं प्रेक्षकावर सोपवलं. यात कारागिरी आहे. ‘ह’ म्हणायला जीभ हलवावी लागत नाही, ओठ मिटावे लागत नाहीत, नुसता श्वास सोडायचा. आता म्हणून बघा, कुणी ऐकत नाही. शिवाय मराठीत हा, ही, हे हे शब्द आपले नेहमीचेच, त्यामुळं तो ‘ह’ वाक्यात कुठंही खपून जातो. पण तो किती वेळा घालायचा, त्याच्यापुढं किती थांबायचं, हे चुकलं तर लोक हसण्याऐवजी जांभया देतात. लिहिणारा आणि बोलणारा एकच असला की हे साधतं. पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’ लिहिली आणि एकट्यानं रंगमंचावर ती उभी केली. तिकडं इंग्लंडात जन्मलेला चार्ली चॅप्लिन आपले सिनेमे स्वतःच रचायचा आणि त्यात कामही करायचा. त्याच्या सुरुवातीच्या सिनेमांत तर शब्दच नव्हते. जगाला हसवणारे असे बरेच जण आपलं लेखन आपल्याच अंगावर तोलून बघणारे निघाले.

त्या काळी या नाटकाला काही लोक चावट म्हणाले. घरच्या बायकांना घेऊन बघावं का, असाही प्रश्न काहींना पडला. मामांच्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, ८ ऑगस्ट १९३२ला जन्मलेले दादा कोंडकेही त्याच वाटेवरचे. ते १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून सिनेमात गाजले. दोन अर्थांचे शब्द वापरण्यावरून त्यांच्यावर भरपूर टीका झाली, आणि थिएटरं मात्र भरलेली राहिली. दोघांत आम्हाला एक फरक दिसतो. दादांचा शब्द उघड असायचा, अर्थ दोन. मामांनी शब्दच काढून घेतला. मग चावट कोण ठरलं? ज्याच्या मनात शब्द आला तो. तक्रार करायला उठणाऱ्याची मोठीच पंचाईत.

आणि दोन अर्थांचं बोलणं काही या दोघांनी शोधून काढलं नाही. तमाशातला सोंगाड्या आणि गवळणीतली मावशी पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या. आपल्या जिल्ह्यातलं संगमनेर म्हणजे कांताबाई सातारकरांच्या फडाचं गाव. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर सोंगाड्याचं काम करतात. जत्रेत त्यांचा तंबू लागला की गडीमाणसं लोटायची. पण आपल्या सासवांना विचारा, त्या कधी तंबूत जाऊन बसल्या का. लांबून, घराच्या माळवदावरून ढोलकी ऐकली, असंच सांगतील. नाटकाला मात्र बाई नवऱ्याबरोबर, नणंद-जावेबरोबर जाऊ शकत होती. तालुक्याला किंवा शहरात राहणारी, हे खरं. खेड्यातली बाई तिथंही नव्हतीच. तरी ज्या गेल्या त्या अंधारात, चारचौघांत बसून मोठ्यानं हसल्या. आपल्याकडं तर म्हण आहे की रडत्या पुरुषावर आणि हसत्या बाईवर विश्वास ठेवू नये. ही म्हण कुणी केली असेल ते केली असेल, आम्हाला ती कधीच पटली नाही. बाईनं पदर तोंडाला लावून हसायचं, तेही सासरे ओसरीवर नसताना. अंधाऱ्या थिएटरात निदान सासरे दिसत नव्हते.

आता सांगतो आपण रोज काय करतो ते. आपल्यातल्या कितीजणी नवऱ्याचं नाव घेतात? ‘आमचे हे’, ‘ह्यांनी सांगितलं’, ‘हे गावाला गेलेत’. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. गटाचा नवीन फॉर्म भरताना आम्ही पतीचं नाव विचारतो, तेव्हा जुन्या बायका शेजारणीकडं बघतात आणि शेजारीण नाव सांगते. म्हणजे मामांच्या कितीतरी आधीपासून आपल्या आज्या-पणज्या ‘ह’च्या बाराखडीत बोलत होत्या. मामांनी ती कुठून उचलली हे काही आम्ही सांगू शकत नाही. पण घराघरात ती होतीच, म्हणून तर लोकांना ती लगेच कळली.

नवऱ्याच्या नावापाशी ते थांबलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण पाळीला ‘हे’, पांढरं जाण्याला ‘हे’, अंग बाहेर येतं त्याला ‘हे’. मार खाल्ला तर ‘काल जरा हे झालं’. जमिनीच्या उताऱ्यावर नाव नाही, तर ‘ते हे राहिलंय अजून’. बारटक्के सरांना शब्द आठवत नव्हता. आपल्याला शब्द चांगला आठवत असतो, तो तोंडातून काढायची मुभा नसते.

आमच्या एका गटातली ताई, गाव सांगत नाही, ऊसतोडीहून आल्यापासून बैठकीत भिंतीला टेकून बसायची. दवाखान्यात तीनदा जाऊन आली. तिथं काय सांगितलं, विचारलं तर म्हणाली, सांगितलं की मला हे जास्त होतंय आणि चक्कर येते. डॉक्टर पुरुष होते, बाहेर रांग होती. चक्कर तेवढी त्यांना कळली आणि ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. चौथ्या वेळी गावातल्या शिबिरात एका नर्सताईंनी तिला पडद्याआड नेलं आणि सरळ विचारलं, पाळी किती दिवस चालते, कपडे किती बदलावे लागतात, गाठी पडतात का. तेव्हा कळलं की महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस रक्त जात होतं. हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. पुढं उपचार झाले, आता ती बरी आहे, परवा हप्ता भरायला स्वतः चालत आली. पण मधले सहा महिने त्या एका ‘हे’मध्ये गेले.

तेव्हापासून त्या गटानं एक गंमत सुरू केली आहे. बैठकीत कुणी ‘ते हे’ म्हणालं की बाकीच्या एका सुरात विचारतात, ‘ते म्हणजे काय गं?’ मग तिला शब्द सांगावाच लागतो. पहिल्या दोन महिन्यांत नुसतं हसणंच झालं, इतिवृत्त लिहिणारीला काही लिहिता येईना. आता सवय झाली. सचिवताईंनी तर परवा ‘माझ्याकडं गटाचं ते हे राहिलंय’ असं म्हणणाऱ्या एकीकडून ‘दोन हप्ते थकलेत’ हे स्वच्छ वदवून घेतलं. ‘ह’चा तो उपयोगही आपल्याला चांगला ठाऊक आहे, बरं का.

मामांची गोष्ट अजून थोडी राहिली आहे. विनोदी नट म्हणून नाव झालं की लोक त्याला दुसरं काही करू देत नाहीत, रडला तरी हसतात. मामा त्यात अडकले नाहीत. ‘काळे बेट लाल बत्ती’ या रहस्याच्या नाटकात ते बॅरिस्टर देवदत्त झाले. ‘गुडबाय डॉक्टर’, ‘चांदणे शिंपीत जा’ अशी कितीतरी नाटकं केली. सिनेमातही गेले. डॉ. जब्बार पटेलांचा १९७९चा ‘सिंहासन’ तुमच्यातल्या काहींनी टीव्हीवर बघितला असेल. मुख्यमंत्र्याच्या खुर्चीसाठी चाललेली ओढाताण दाखवणारा तो सिनेमा आजही जुना वाटत नाही. त्यातही मामा आहेत. इंग्रजीच्या मास्तरकीचाही त्यांनी शेवटपर्यंत उपयोग केला. अगाथा ख्रिस्ती नावाच्या इंग्लंडच्या बाई खुनाच्या रहस्यकथा लिहायच्या, जगभर वाचल्या जातात. त्यांच्या गोष्टी मामांनी मराठीत आणल्या. बाईनं लिहिलेलं खुनाचं कोडं आणि ते उलगडून सांगणारा नगरचा मास्तर, हे आम्हाला फार आवडतं.

२ जुलै २०१७ रोजी मुंबईत मामा गेले. वय चौऱ्याऐंशी.

त्यांनी आपली हकीकत लिहून ठेवली आहे. पुस्तकाचं नाव ‘तिसरी घंटा’. नाटकाला तीन घंटा असतात. पहिली झाली की नट तयार होतात, दुसरीला प्रेक्षक जागेवर बसतात, तिसरी झाली की दिवे जातात आणि पडदा वर जातो. मग माघार नाही. त्यानंतरच्या पुस्तकाला नाव दिलं ‘उत्तरमामायण’. रामाचं उत्तर रामायण, तसं मामांचं उत्तरमामायण. सत्तरी ओलांडलेल्या आजीनंही ऐकून हसावं असं नाव आहे, त्यात चावट काहीच नाही.

तालुक्याच्या वाचनालयात ही पुस्तकं आहेत का ते विचारून बघा. मिळालं तर गटातल्या वाचता येणाऱ्या मुलीकडून बैठकीआधी चार-चार पानं मोठ्यानं वाचून घ्या. वाचताना ‘ह’ आला तर तिला थांबवू नका. आपण बोलताना आला तर मात्र विचारा.